साडूभाऊंची अंबाडी

आमच्या साडूभाऊंना देवाने जीभ दिली ती चव घ्यायला नव्हे, तुलना करायला, याबद्दल माझ्या मनात आता काडीचीही शंका उरलेली नाही. साधं पाणी प्यायले तरी घोट गिळल्यावर ते डोळे मिटत आणि ‘आर्णीच्या विहिरीच्या जवळ जातं, पण पोचत नाही’ असा निकाल देत. केळ्यावरचं चिकटलेलं लेबल वाचल्याशिवाय त्यांनी केळं कधी सोललं नाही, कारण ग्वाटेमालाचं केळं आणि इक्वेडोरचं केळं यांत त्यांना जळगाव आणि वसईइतकं अंतर दिसे. तोलायला दुसरं काही हाताशी नसलं की ते मला तोलत. माझ्या बायकोला माझ्याआधी एक स्थळ सांगून आलं होतं आणि ते साडूभाऊंनी पाहिलं होतं. मी भाताला हात घातला की नेमकं तेव्हाच त्यांना आठवे, की तो मुलगा दोन बोटं उंच होता. यात दुष्टावा नसे. माणूस स्वभावाने लोण्यासारखा मऊ. पण त्यांच्याबरोबर एक शनिवार काढला की मला अख्खा रविवार झोपून काढावा लागे.

दोन हजार दोन साली मी नोकरीसाठी ॲरिझोनात चँडलरला आलो, तेव्हा साडूभाऊ तिथे आधीच मुरलेले होते. मुरलेले म्हणजे त्यांनी घर घेतलं होतं, मागे अंगण होतं आणि अंगणाला सिमेंटच्या ठोकळ्यांची भिंत होती. ते मूळचे यवतमाळकडचे. चँडलरचा उन्हाळा सुरू झाला की आम्ही पुण्याकडची माणसं पडदे ओढून एसीखाली पडून राहायचो, आणि साडूभाऊ टॉवेल डोक्याला गुंडाळून अंगणात उभे राहत, एखाद्या जुन्या ओळखीच्या माणसाला भेटावं तसे. ‘हे ऊन आपलंच आहे बाप्पा,’ ते म्हणत, ‘फक्त धूळ वेगळी.’ कंपनीत त्यांचं काम चिपा तपासण्याचं होतं. त्या कामाची एक पद्धत असते. एक चिप अशी बाजूला ठेवलेली असते, जी अगदी बरोबर आहे हे सगळ्यांनी मान्य केलेलं असतं. तिला गोल्डन सॅम्पल म्हणतात. बाकी हजारो चिपा तिच्याशी ताडून पाहायच्या आणि नापास करायच्या. हे काम साडूभाऊंना पगार देऊन करायला लावणं म्हणजे पावसाला पडायचे पैसे देण्यासारखं होतं.

असा माणूस घरी आल्यावर स्वस्थ कसा बसेल? त्यांनी अंगणात अंबाडी लावली. अंबाडीची आंबट पालेभाजी आपल्याकडे पुष्कळांना आवडते, पण आवडणं वेगळं आणि साडूभाऊंचं प्रकरण वेगळं. त्यांनी एक वाफा लावला नाही, पाच लावले. एक खानदेशी, एक मराठवाड्यातली, एक तेलंगणाकडची लाल देठाची, एक न्यू जर्सीत एडिसनच्या ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून कोणाकरवी मागवलेली ‘मूळ गाव अज्ञात’. आणि पाचवा वाफा त्यांच्या आईने परसातून पाठवलेल्या बियांचा. पाचवा वाफा म्हणजे गोल्डन सॅम्पल. दर वाफ्यावर आइस्क्रीमच्या काडीची पाटी, पाटीवर गावाचं नाव. आईच्या वाफ्यावर गाव नव्हतं, नुसतं ‘आई’ एवढंच.

बी मिळवण्याचे त्यांचे मार्ग वेगळे सांगायला हवेत, कारण त्यात आम्ही सगळे भरडले गेलो. भारतातून कोण येतंय याची बातमी साडूभाऊंना त्या माणसाच्या घरच्यांच्या आधी लागे. मग नांदेडहून, धुळ्याहून, कुठून कुठून पुड्या निघत आणि विमानात बसत. मराठवाड्याचं बी मी आणलं, हे मला चँडलरला पोचून मेतकुटाचा डबा उघडल्यावर कळलं. सासूबाईंनी मेतकुटाच्या मधोमध पुडी पुरून ठेवली होती. कस्टम्सच्या माणसाने डबा उघडून वास घेतला होता आणि शिंकून परत केला होता. ‘बघा, शिंकला म्हणजे चांगलं बी,’ साडूभाऊ म्हणाले. या वाक्यात काय संबंध होता ते मी विचारलं नाही. तोवर मी थकलो होतो.

पानं हाताशी आली की शनिवारी परीक्षा. पाचही भाज्या साडूभाऊ स्वतः करत. एकच पातेलं, पाच वेळा धुतलेलं. पानं उकडायची, पिळायची, तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या तोलून घालायच्या, वर लसूण आणि लाल मिरचीची फोडणी, आणि मिरच्याही पाचही वेळा सारख्या उंचीच्या. ताई, म्हणजे माझी मोठी मेव्हणी आणि त्यांची बायको, त्या दिवशी स्वतःच्या स्वयंपाकघरात पाहुण्यासारखी उभी असे. मग टेबलावर पाच वाट्या, वाटीच्या बुडाला चिठ्ठी, आणि दोन वाट्यांच्या मधे तोंड साफ करायला अळणी भाकरीचा तुकडा. परीक्षक आम्ही तिघं, मी, माझी बायको आणि ताई. मी पहिल्या वर्षीपासून प्रत्येक वाटीला एकच अभिप्राय देत आलो.

‘आंबट आहे.’

‘ते झालं हो,’ साडूभाऊ अधीर होत. ‘पण कसं आंबट? पुढे आंबट का मागे आंबट?’

‘सगळीकडेच आंबट आहे.’

‘तुम्ही काय खाऊन राहिले तेच तुम्हाला कळून नाही राहिलं,’ ते खेदाने म्हणत आणि माझी वाटी बाद करत. शेवटी चिठ्ठ्या उलगडत आणि दर वर्षी आईची अंबाडी पहिली येई. परीक्षक कोणीही असो, निकाल साडूभाऊंच्या जिभेने लागे आणि त्या जिभेला चिठ्ठीची गरजच नव्हती. एकदा ताई वैतागून म्हणाली, ‘अहो, दर वर्षी तीच जिंकणार असेल, तर बाकीच्या चारांना कशाला राबवता?’ साडूभाऊंना हा प्रश्नच समजला नाही.

मला तो हळूहळू समजला. साडूभाऊंचं ग्रीन कार्ड कित्येक वर्षं अडकलं होतं. कागद मधल्या अवस्थेत असताना देशाबाहेर पडलं आणि परतीचा शिक्का मिळाला नाही तर घर, नोकरी, मुलीची शाळा, सगळंच गेलं, अशी भीती त्या काळात आमच्यातल्या पुष्कळांच्या मानेवर बसलेली असे. त्यामुळे ते गावी गेले नव्हते. वडील गेले तेव्हाही जाऊ शकले नव्हते. आईशी बोलणं फोनवर, आणि फोनवर ती माउली बोलायची काय? ‘जेवला का’ आणि ‘ऊन आहे का’. एवढ्यात संपे. म्हणून ते बी मागत. मागितलं की पुढे बोलता येई. पेरलं का, उगवलं का, माव्याची कीड पडली का. त्यांचं एक शास्त्र होतं, की पाच वाफे शेजारी असल्याने फुलोऱ्यात माशा इकडून तिकडे जातात आणि इथं धरलेलं बी भेसळ होतं. म्हणून चँडलरचं बी ते कधी ठेवत नसत. दर वर्षी आईकडून ताजं मागवत. हे शास्त्र खरं असेलही, पण मला त्यात फोन जास्त दिसे.

या सगळ्यात त्यांना समजून घेणारा एकच माणूस होता, तो म्हणजे भिंतीपलीकडचा बिल. बिल म्हातारा, एकटा, पांढरी शेंडी रबरबँडने बांधलेला, कंबरेतून वाकलेला. तरुणपणी सैन्यात होता, नंतर कुठे कुठे भटकला. एका जुलैत अंबाडी भिंतीच्या वर आली आणि बिलचं डोकं भिंतीवर आलं. ज्यांनी मोठी अंबाडी पाहिली नसेल त्यांना सांगतो, तिची खालची पानं साधी असतात, पण वरची पानं लांब बोटांची, करवती कडेची, अगदी हुबेहूब गांजाच्या पानासारखी असतात. बिल बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने हळूच विचारलं, ‘बियाणं कुठलं?’

हा प्रश्न साडूभाऊंना आजवर कोणीही आपणहून विचारला नव्हता. ते भिंतीशी खुर्ची घेऊन गेले आणि त्यांनी खानदेशापासून सुरुवात केली. बिलने ऐकून घेतलं आणि आपलं सांगितलं. मेक्सिकोचं बी भरपूर, पण माल घशाला ओरबाडतो. कोलंबियाचा सौम्य आणि गोडसर. थायलंडचा बांबूच्या काडीला बांधून यायचा आणि डोक्यात वाजायचा. अफगाणी झाड बुटकं, पान रुंद, आणि माणूस खुर्चीतून उठत नाही. ‘बरोबर!’ साडूभाऊ म्हणाले, ‘आमची तेलंगणाचीही बुटकीच. आणि डोंगरातलं बी सपाटीला आणलं की बिघडतं ना?’ ‘नेहमीच,’ बिल म्हणाला. बिल कशाबद्दल बोलतोय हे साडूभाऊंना पक्कं ठाऊक होतं. ते स्वतः सुपारीचंही खांड न खाणारे. पण माती, ऊन, डोंगर आणि बी यांवर बोलणारा माणूस भेटल्यावर त्या बियाचं पुढे काय करतात, हा त्यांच्या लेखी किरकोळ मुद्दा होता. दर संध्याकाळी भिंतीच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या लागू लागल्या. ताई म्हणाली, ‘माझ्याशी हे लग्नात एवढं बोलले नव्हते.’

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आईचा फोन आला. धाकट्या भावाने गावचं घर विकलं होतं आणि तिला नागपूरला आपल्या फ्लॅटमध्ये नेलं होतं. तिसरा मजला. परस नाही, वाफा नाही, बी नाही. त्या वर्षी पाठवलेलं बी साडूभाऊंनी जूनमध्येच सगळंच्या सगळं पेरलं होतं. म्हणजे त्या परसातली अंबाडी आता जगात एकाच ठिकाणी उरली होती, चँडलरच्या पाचव्या वाफ्यात. ते मला ऑफिसात फोन करून म्हणाले, ‘साडूभाऊ, यंदा बी धरावं लागेल.’ आणि फोन ठेवला. तुलना नाही, काही नाही.

आणि सप्टेंबरात, ऐन परीक्षेच्या शनिवारी, दारात पोलीस उभा राहिला. कोणीतरी कॉलनीच्या सोसायटीकडे तक्रार केली होती आणि सोसायटीने पुढे कळवलं होतं. तरुण अधिकारी होता, नम्र होता, घामाने भिजला होता. अंगण पाहू का, म्हणाला. शहाण्या माणसाने इथे वकिलाचं नाव तरी काढलं असतं. साडूभाऊंचा चेहरा उजळला. अंगण पाहायला कोणीतरी आपल्या पायांनी आलं होतं.

आत आल्यावर त्या अधिकाऱ्याने काय पाहिलं ते मी आजही डोळ्यांसमोर आणू शकतो. टेबलावर हिरव्या लगद्याच्या पाच वाट्या, वाट्यांखाली चिठ्ठ्या, शेजारी ग्रॅम मोजायचा नाजूक तराजू, आणि खिडकीबाहेर पुरुषभर उंच, करवती पानांचं रान. याहून चांगला पुरावा कोणत्याही सरकारी वकिलाला मिळाला नसता.

‘ही सगळी झाडं तुमची?’ त्याने विचारलं.

‘माझीच. पण सगळी सारखी समजू नका,’ साडूभाऊ जरा दुखावून म्हणाले.

‘आणि याचं तुम्ही काय करता?’

‘उकडतो, पिळतो, खातो.’

‘खाल्ल्यावर काय होतं?’

साडूभाऊ प्रामाणिक माणूस. ‘झोप फार छान लागते,’ ते म्हणाले.

ताईने डोळे मिटले. अधिकाऱ्याने पुढचा प्रश्न विचारला, बियाणं कुठून येतं, आणि मग त्याला बोलायची संधी मिळाली नाही. खानदेश, नांदेड, तेलंगण, न्यू जर्सी. कोणी आणलं, कशातून आणलं. ‘आणि हे यांनी, मेतकुटातून!’ म्हणत त्यांनी मला दंड धरून पुढे केलं. माझ्या व्हिसाचं नूतनीकरण पुढच्या महिन्यात होतं. मला बसावंसं वाटलं आणि मी बसलोही. तेव्हा पहिल्यांदा ताईचा आवाज चढला. मराठीत, दातांवर दात ठेवून ती म्हणाली, ‘अहो, तुमचं ग्रीन कार्ड जाईल, तुरुंगात बसाल. आई दिसणार नाहीत परत.’ साडूभाऊ एकदम थांबले. त्यांच्या तोंडचा रंग उतरलेला मी तेव्हाच पाहिला.

तेवढ्यात भिंतीवरून आवाज आला. ‘ऑफिसर, हे ते नव्हे.’ बिल आपल्या स्टुलावर उभा होता. त्याने हात लांबवून पान तोडलं, चोळलं आणि तळहात पुढे केला. खऱ्या झाडाचं पान चोळलं की बोटं चिकट होतात आणि वास दुपारपर्यंत सुटत नाही, हे कोरडं आहे, गवतासारखं आहे. चावून बघ, लिंबासारखं लागेल. मेक्सिकन असं नसतं, कोलंबियन असं नसतं, थाई तर मुळीच नसतं, आणि अफगाणी एवढं उंच होत नाही. फूल येऊ दे, भेंडीसारखं येईल. असं तो शांतपणे, एकेक प्रांत ओलांडत सांगत गेला. अधिकाऱ्याने विचारलं, ‘तुम्हाला एवढं कसं माहीत?’ बिल म्हणाला, ‘मी म्हातारा आहे. पुष्कळ फिरलोय.’ अधिकाऱ्याने पान चावलं, तोंड वाकडं केलं, आणि बऱ्याच वेळाने हसला. चार पानं पिशवीत घेतली, तपासून कळवतो म्हणाला, आणि जाताना एवढंच बोलला, की पोलिसांचं झालं तरी सोसायटीचे नियम वेगळे असतात.

तो गेल्यावर साडूभाऊ भिंतीशी गेले. ‘तुला कधी कळलं, की हे ते नाही?’ बिल म्हणाला, ‘पहिल्याच दिवशी. वास कुठे होता?’ मग म्हणाला, ‘पण तू बोलत होतास.’

सोसायटीचा नियम साधा होता. झाड कुठलंही असो, भिंतीच्या वर दिसता कामा नये. आठवड्याच्या आत काढा. फुलं यायला अजून महिना होता, बी धरायला त्याहून जास्त. शेंडे छाटावेत तर फुलोराच गेला. साडूभाऊंनी एक रात्र विचार केला आणि रविवारी सकाळी मला बोलावलं. मी पोचलो तर खानदेश उपटून पडला होता. नांदेड, तेलंगण, ओक ट्री रोड, सगळे वाफे मोकळे झाले होते आणि साडूभाऊ मुळांची माती झटकत होते. ज्या बियांसाठी त्यांनी अर्ध्या महाराष्ट्राच्या सामानात हात घातला होता, त्यांची झाडं त्यांनी आपल्याच हातांनी उपटली होती. ‘बरंच झालं, आता भेसळीची भीती नाही,’ ते म्हणाले. मग आम्ही आईच्या वाफ्यातलं एकेक झाड, मोडणार नाही अशा बेताने, भिंतीच्या खाली वाकवून जमिनीतल्या खुंट्यांना बांधलं. बांधायला ताईने जुनी सुती साडी फाडून दिली. पलीकडून बिल कुठलं झाड अजून दिसतंय ते सांगत होता. दुपारपर्यंत माझी कंबर गेली. साडूभाऊ प्रत्येक गाठ दोनदा ओढून पाहत होते.

झाडं जगली. फुलं आली, फिकट पिवळी आणि पोटात काळसर लाल. तपासणीचा निकालही आला, आणि तो बिलने सांगितलेलाच होता. साडूभाऊंनी बोंडं वाळवली, बी पाखडलं आणि काचेच्या बरणीत भरलं. पुढच्या वर्षी, दोन हजार सात साली, ग्रीन कार्ड आलं. ते विमानात बसले तेव्हा बियांची पुडी त्यांच्या शर्टाच्या आतल्या खिशात होती. आईला कुंडीत लावून देणार होते.

परत आले तेव्हा मी त्यांना आणायला फिनिक्सच्या विमानतळावर गेलो. गाडीत बसल्यावर विमानातल्या चहाची तुलना ऐकायची तयारी मी मनात करून ठेवली होती. ते काहीच बोलले नाहीत. हायवेला लागल्यावर मला काळजी वाटायला लागली. विचारलं, ‘आई बऱ्या आहेत ना?’

‘बरी आहे,’ ते म्हणाले. मग खिडकीकडे पाहत त्यांनी सांगितलं. आईच्या हातात पुडी दिली. तिने उघडून दोन दाणे दाताखाली धरले आणि हसली. म्हणाली, ‘हे आपलं कुठलं बाप्पा? आपलं बी त कवाचंच सरलं. तुह्या बाबाच्याही आधी. हे म्या बजारातून आणून पाठवत होती.’ कुठल्या गावचं, विचारलं, तर म्हणाली, ‘काय माहीत. जो स्वस्त देईन त्याचं.’ मग का नाही सांगितलं, विचारलं. तर म्हणे, ‘तू इतक्या दुरून एकच चीज मांगत होता. तुले नाही कशी म्हणू?’

मी गाडी चालवत राहिलो. सगळ्या परीक्षा, अळणी भाकरीचे तुकडे, बाद झालेल्या माझ्या वाट्या मला आठवल्या, आणि खरं सांगतो, हसू आलं नाही. मला त्यांचं फार वाईट वाटलं, आणि नागपुरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या, मी कधी न पाहिलेल्या त्या बाईंचंही. दर वर्षी बाजारात जाऊन कोणाचंतरी बी घ्यायचं आणि ते आपल्या परसातलं म्हणून पाठवायचं, या कामातही थकवा आला असेलच.

मला वाटलं, आता अंबाडी संपली. पण पुढच्या जूनमध्ये त्यांनी वाफा केला. एकच, भिंतीपासून लांब, आणि वेळेत खुडून बुटका ठेवलेला. बी बरणीतलंच. पाटी जुनी, ‘आई’. मी पाटीकडे पाहिलेलं त्यांनी पाहिलं. ‘असू द्या,’ ते म्हणाले, ‘बजारातलं असंल. पाठवलं त तिनंच ना.’

पहिल्या खुडणीच्या शनिवारी आम्हाला बोलावणं आलं. टेबलावर एकच पातेलं होतं आणि त्याखाली चिठ्ठी नव्हती. साडूभाऊंनी आधी एक वाटी झाकून भिंतीवरून बिलला दिली, मग आम्हाला वाढलं आणि समोर बसले. मी भाकरीचा घास घेतला. ते माझ्याकडे बघत होते. दुसरं काय बोलणार, मी म्हणालो, ‘आंबट आहे.’

‘आहे ना?’ साडूभाऊ म्हणाले, आणि पुढे आंबट का मागे आंबट हे न विचारता जेवायला लागले.